पुस्तकातला चेहरा साडूंचा

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा सोडून मास्तरांनी पहिली प्रत उचलली. मुलांसाठी काढलेलं त्यांचंच सचित्र चरित्र होतं ते. सुतार, शिंपी, नावाडी, जो भेटेल त्याच्याकडून शब्द गोळा करत हिंडलेल्या माणसाची गोष्ट. शब्द जन्मभर गोळा केले, पण घरीदारी कुणी धड ऐकून घेतलं नाही. आता निदान मुलं तरी ऐकतील, एवढी एकच आशा मास्तरांना होती. मुखपृष्ठ पाहून मात्र त्यांनी खुर्चीचा आधार घेतला.

“अगं, हे तर आपले साडू!”

बायको पिठाच्या हातांनीच धावत आली. मुखपृष्ठावर तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा प्रसन्न मुद्रेनं उभा होता आणि त्याच्यावर शब्दांचा पाऊस पडत होता. घड्याळं दुरुस्त करतात म्हणून त्यांना सगळे घड्याळजी म्हणत. हा माणूस दिवसाकाठी चार शब्द जास्त बोलला, तर त्याची बायको कपाळाला हात लावून ताप बघायची.

मास्तरांनी चित्रकार बाईंना फोन लावला.

“तुमच्या फोटोत दोघं होते,” त्या म्हणाल्या. “संपादक म्हणाले, ज्यांच्या हातात पुस्तक आहे ते.”

चूक तशी कुणाचीच नव्हती. एकट्या मास्तरांचा फोटो कधी नीट आलाच नव्हता, कारण प्रत्येक फोटोत ते बोलत असत. तोंड उघडं, डोळे मिटलेले. त्यातल्या त्यात बरा होता तो साडूंबरोबरचा. त्यातही हातवारे करायला हात मोकळे हवेत म्हणून मास्तरांनी आपलं पुस्तक साडूंना धरायला दिलं होतं.

“म्हणजे मी पुस्तकात कुठेच नाही?”

“आहात की! सातवं पान बघा.”

सातव्या पानावर शब्दप्रेमी गृहस्थ विचारात गढले होते आणि एक आगाऊ शेजारी तोंड वासून त्यांचं डोकं खात होता. शेजाऱ्याचं टक्कल मास्तरांनी ताबडतोब ओळखलं.

संपादकांनी हात वर केले. प्रती छापून झाल्या होत्या, ग्रंथालयाच्या दारावर तोच चेहरा लागला होता आणि शनिवारी मुलं त्याच आजोबांना भेटायला येणार होती. “त्यांना आणून बसवा,” संपादक म्हणाले, “बोलायचं तुम्ही बघा.”

घड्याळजींनी ऐकल्याबरोबर नकाराची मान हलवली.

“भावोजी, नुसतं बसायचंय हो,” मास्तरांच्या बायकोनं गळ घातली.

“नुसतं?”

“अगदी नुसतं.”

शनिवारी मास्तर आणि बायको त्यांना घेऊन ग्रंथालयात पोचले, तसा मुलांनी घड्याळजींना गराडा घातला. मास्तर घसा खाकरून उभे राहिले, तोच पुढून आवाज आला, “अरे, हा तर तो त्रास देणारा शेजारी!”

“मुलांनो, खरं म्हणजे मीच तो...”

“शूऽऽ! आजोबांना विचार करू द्या!”

मास्तर मटकन खाली बसले. उभ्या आयुष्यात त्यांना इतक्या जणांनी एकदम गप्प केलं नव्हतं. आता रडू तेवढं यायचं बाकी होतं.

दोन वेण्यांची एक मुलगी उठली. “आजोबा, तुमचा सगळ्यात आवडता शब्द कोणता?”

 घड्याळजींनी मास्तरांकडे बोट केलं. “शब्द यांचे. गोष्टही यांचीच. माझा फक्त चेहरा.”

सगळी तोंडं मास्तरांकडे वळली.  मास्तरांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. आजवर ते न विचारता सांगत आले होते. आपणहून कुणी विचारायची ही पहिलीच वेळ, आणि एवढ्या शब्दांतला एकही धावून येईना.

मुलीला दया आली. “नाही आठवत? मग या आजोबांनाच विचारा ना.”

“सांगा हो तुम्हीच,” मास्तर कसेबसे म्हणाले.

“झुंजूमुंजू,” घड्याळजी म्हणाले. “पहाट फुटताना जरासं उजाडतं ना, ते. यांनी दुकानात सांगितला होता. मग एकदा सांगितला किलकिलं. मग लुकलुक.”

मुलं एकेक शब्द घोळवून म्हणू लागली, तसे घड्याळजी खुलले. भिंगातून चाकं बघत बसलेल्या या माणसानं सगळं ऐकलं होतं आणि एकही शब्द सांडू दिला नव्हता. ग्रंथपाल बाई दिवे बंद करायला आल्या, तरी ते बोलतच होते. मास्तरांचे डोळे भरून आले. पुसायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

घरी जाताना बायकोनं काळजीनं त्यांच्या कपाळाला हात लावला. “बरं वाटत नाही का? केव्हाचे गप्प आहात.”

“ऐकत होतो,” मास्तर म्हणाले.