शेवंताबाई पाकीट परत मागतात

शेवंताबाई खरात यांच्याकडून पापड विकत घेणं सोपं आहे. खाणं अवघड आहे.

पापडात खोट नाही हो. उडदाचे, मिरे घातलेले, तळले की ताटाबाहेर जाणारे. पण तुम्ही पाकीट फोडलं की बाईंना कळतं. कसं कळतं, हे इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही मला उमगलेलं नाही. आमच्याकडं पाहुणे जेवायला बसलेले असतात, माझी बायको सिंधू एकेक पापड वाढत असते, अन् दारातून आवाज येतो, "गुरुजी, संपले काय?" पाहुणा पापड हातात तसाच धरून बसतो. "खा खा, सावकाश खा," बाई ओट्यावर टेकत म्हणतात, "मले घाई नाही. मी फकस्त पाकिटासाठी आली." आता सांगा, दारात बाई बसलेली असताना कोण सावकाश खाईल? आमच्या व्याह्यांनी एकदा घाईत चार पापड संपवले अन् दिवसभर पाण्यावर पाणी पीत बसले.

याचा दोष सगळा माझा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

गावाचं नाव सांगत नाही. दुसरबीडपासून लांब नाही एवढं पुरे. मागं गावात बचत गटाच्या बायांची सभा होती. प्लास्टिकच्या सरकारी नियमांचं पत्रक आलेलं, अन् ते वाचून दाखवायला चष्मा असलेला रिकामा माणूस मी. जन्मभर मास्तरकी केली, पोरांना व्याकरण शिकवलं, पण त्या पत्रकातलं एक वाक्य मला धड कळलं असेल तर शपथ. एका जागी लिहिलेलं की, पाकिटात माल भरून विकणाऱ्यानं आपलं प्लास्टिक परत गोळा करायची जबाबदारी घ्यावी. खाली लिहिलेलं की, लहान उद्योगांना पूर्वोक्त तरतुदींच्या अधीन राहून सूट. म्हणजे सूट आहे की नाही? मी दोनदा वाचलं. वाक्याच्या सुरुवातीला सूट होती, शेवटापर्यंत पोचेस्तोवर गेली होती.

बाया चहाकडं डोळे लावून बसलेल्या. एकट्या शेवंताबाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी हात वर केला. "गुरुजी, म्हंजे माह्यं पाकीट माह्यं मीच वापस आनाव काय?"

मलाही चहाच पाहिजे होता. मी म्हणालो, "हो, तसंच काहीसं."

त्या 'तसंच काहीसं'नं माझा घात केला.

दुसऱ्या दिवशी बाई पत्रकाची प्रत मागायला आल्या. सातवी शिकलेली बाई, चष्मा न लावता वाचते, अन् एकेका शब्दावर अडते. पाकिटावर नाव पाहिजे, पत्ता पाहिजे, जाडी मायक्रॉनमध्ये पाहिजे.

"मायक्रॉन म्हंजे केवढा, गुरुजी?"

"लई बारीक. केसापेक्षाही बारीक."

"कोनाच्या केसापेक्षा?"

बाई पाकीट घेऊन थेट देऊळगाव राजाला गेल्या. सोनाराकडं. एवढं बारीक मोजायचं तर सोनारच, असा त्यांचा हिशेब. त्या भल्या माणसानं सोन्याच्या काट्यावर पाकीट ठेवून त्याचं वजन सांगितलं. जाडी नव्हे, वजन. बाईंनी आल्या आल्या सगळ्या पाकिटांवर मार्करनं लिहिलं, 'सोनाराकडून तपासून आनलं हाय.' त्याखाली पूर्ण नाव, त्याखाली पत्ता, मारुतीच्या देवळावरून उजव्या हाताला तिसरं घर, दाराशी शेवग्याचं झाड, त्याखाली फोन नंबर अन् पाकिटाचा क्रमांक. एवढं लिहून झाल्यावर आत पापड आहेत की शेवया, हे बाहेरून दिसेना.

"अहो बाई, एवढं कशाला?" मी काही दिवसांनी म्हणालो.

"काऊन? नाव लिवलं तं पुरं लिवा. एका बकरीच्या तोंडात पाह्यलं मी माह्यं पाकीट. 'शेवंता' बाहेर अन् 'खरात' पोटात! माह्या नावाचा कचरा दुसऱ्याच्या दारात काऊन पडावा? कायदा हाय, बाप्पा."

'कायदा हाय, बाप्पा' म्हटलं की बोलणं संपलं. कोणतं पाकीट कोणी नेलं, हे बाई वहीत लिहीत. पंधरवडा झाला की वही काखेत मारून निघत. दोन पाकिटं बुलढाण्याला एका मास्तरीणबाईकडं गेली होती, तर अर्ध्या तिकिटात एसटीनं गेल्या अन् दोन रिकामी पाकिटं घेऊन संध्याकाळी परत आल्या. मी विचारलं, "बाई, यात तोटाच झाला ना?" तर म्हणाल्या, "लई चांगली हाय वो मास्तरीन. जेवू घातलं मले. सासूचे पाय दुखून राह्यले तिच्या, तेल सांगतलं म्या."

आलेली पाकिटं धुऊन त्या दोरीवर वाळत घालत. नावं रस्त्याकडं. वारा सुटला की अंगणभर शेवंता खरात, शेवंता खरात, शेवंता खरात. नवीन पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा निवडणूक आहे काय, असं विचारत होता.

पुढं त्या पाकिटांचं करायचं काय, हे पत्रकात होतं, पण कळत नव्हतं. 'अधिकृत पुनर्प्रक्रियाधारकाकडे सुपूर्द करावे.' हा गृहस्थ कुठं राहतो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर गावात कचऱ्याची गाडी सुरू झाली. ओल्याचा डबा हिरवा, सुक्याचा निळा. बाईंनी पाकिटं निळ्या डब्यात टाकली अन् गाडीच्या मागं मागं पायी चालत निघाल्या. गावाबाहेरच्या खड्ड्याशी गाडीनं हिरवा डबा ओतला, अन् त्याच्यावरच निळा ओतला. बाई नेसू खोचून खड्ड्यात उतरल्या, एकूण एक पाकीट वेचून वर आल्या. मला विचारतात, "गुरुजी, वेगळं काऊन करा लागते मंग?" मी पत्रक उघडलं, पानं उलटली अन् मिटून ठेवलं.

लोक वैतागले होते. पापड चांगले, पण पाकीट जपायचं कोणी? गल्लीतल्या एका सुनेनं पाकीट चुलीत घातलं अन् पंधरा दिवस बाईंना पाहिलं की शेतात पळाली. मीसुद्धा सिंधूला म्हणालो, "बाईच्या डोक्यावर परिणाम झाला." सिंधू म्हणाली, "तुमाले काही समजते काय?" अन् भाकरी थापायला लागली. आमच्या घरात हे वाक्य रोजचंच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शेवंताबाईंना एकच मुलगा. संतोष. माझा विद्यार्थी. पुण्याकडं कंपनीत आहे. चार वर्षांमागं त्यानं तिकडंच लग्न केलं अन् मग कळवलं. बाईंचा संताप काय विचारता! तो गावी आला तेव्हा भरल्या गल्लीत, पंचवीस माणसांपुढं बोलून बसल्या, "तुह्या दारात मी पाय ठेवनार नाही." तोही आईवरच गेलेला. म्हणाला, "नको ठेवू." तेव्हापासून बोलणं नाही. त्याला मुलगी झाली, तेही बाईंना दुसऱ्यांकडून कळलं. तेव्हा त्या उडीद निवडत होत्या, तशा निवडत राहिल्या.

तर एक दिवस दुपारी बाई वही घेऊन माझ्याकडं आल्या.

"गुरुजी, समदे पाकिटं आले. एक राह्यलं."

"कुणाचं?"

"हाय एक पुन्याचं गिऱ्हाईक." बोट वहीवर होतं, नजर शेवग्याकडं. मी वाकून पाहिलं. 'संतोष, पुणे.' दिवाळीच्या आसपास गावातला कोणी तिकडं चालला होता, त्याच्या हाती बाईंनी पाकीट पाठवलेलं.

"तं मले जा लागन काय आनाले?" बाईंनी विचारलं. "कायद्यात काय हाय? जाच लागते काय?"

अहो, आंधळ्यालाही दिसलं असतं! चार वर्षांनी बाईला मुलाच्या दारात जायचं होतं. शब्द मोडायचा नव्हता, अन् सरकारनं हुकूम केला म्हणून नाइलाजानं गेले, एवढंच तिला कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. पण मी पडलो मास्तर. प्रश्न विचारला की बरोबर उत्तर द्यायची खोड. मी चष्मा लावला, पत्रक पाहिलं अन् म्हणालो, "छे छे, स्वतः जायची काही गरज नाही. एवढ्या लांब एका पाकिटासाठी? मी कळवतो, कुरिअरनं पाठवून देईल."

बाईंनी वही मिटून काखेत मारली. मग म्हणाल्या, "बरं. कळवा."

मी मोठ्या उत्साहात संतोषला मेसेज केला. आदरणीय ग्राहक वगैरे काही लिहिलं नाही, पण विषय, संदर्भ असं सगळं लिहिलं. त्याचं एका शब्दात उत्तर आलं, 'पाठवतो.'

आठवड्यात पाकीट आलं. बाई ते घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. स्वच्छ धुतलेलं, चौघडी घातलेलं. त्यासोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

"आलं, गुरुजी."

"बघा! म्हणालो नव्हतो?" मी खुशीत म्हणालो.

"हाव." त्यांनी पाकीट मांडीवर उलगडलं, हातानं सपाट केलं. "हे काय हो?"

त्यांच्या नावावरून लाल मेणखडूच्या रेघोट्या ओढलेल्या होत्या. आडव्या, उभ्या, गोल गोल. पत्ता, फोन नंबर, सोनाराचा दाखला, सगळ्यावरून. लहान पोराच्या हाताच्या रेघोट्या. धुताना पुसू दिल्या नव्हत्या. आतून तेवढं धुतलेलं होतं.

बाईंनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत, घाई न करता.

"पापड तं खाल्ले मनाव त्याईनं," त्या म्हणाल्या. मग पाकिटाची घडी घालत म्हणाल्या, "चाला. आता कायद्यानं माह्यं काही राह्यलं नाही तिकडं."

सिंधू दारात येऊन उभी राहिली होती. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. केवढा मोठा मूर्खपणा करून बसलो होतो मी! बरोबर उत्तर देऊन बाईचं होणारं जाणं मीच मोडलं होतं.

"थांबा बाई," मी म्हणालो. आत गेलो, पत्रक आणलं, चष्मा लावला. आयुष्यात वर्गात कधी खोटं वाचलं नाही मी. "मागच्या पानावर एक कलम आहे. माझं पाहायचं राहून गेलं. 'रिकामे पाकीट परत मिळाल्यास, उत्पादकाने त्याच ग्राहकास भरलेले पाकीट पोहोचते करावे.'"

बाईंनी मान वर केली.

"'सदर पाकीट,'" मी पुढं वाचलं, "'उत्पादकाने स्वतः ग्राहकाच्या घरी जाऊन द्यावे. टपालाने अथवा इतर इसमाहाती पाठविल्यास ग्राह्य धरले जाणार नाही.'"

एरवी एकेक ओळ हिसकून घेऊन स्वतः वाचणारी बाई. मला वाटलं, आता मागते कागद. पण कागदाकडं त्यांनी पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहत राहिल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदरानं पुसले.

"तिथं मुक्कामाचं काही लिवेल हाय काय, गुरुजी?"

मी पान उलटलं. पलीकडं कोरं होतं.

"किमान आठ दिवस," मी म्हणालो. "आधी परत आलं तर दंड आहे."

"लई दंड हाय काय?"

"लई," मी म्हणालो.