पाच रोट्यांचा दावा

न्याय फुकट मिळावा, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. दुमत आहे ते त्याचा खर्च कोणी सोसायचा एवढ्यापुरतंच. फेज शहराबाहेर डोंगरपायथ्याशी असलेल्या आमच्या गावाला सरकारने लहान दाव्यांचं न्यायालय दिलं, तिथे फी नाही, वकील लागत नाही, तक्रार तोंडी सांगितली तरी चालते. (गल्लीतल्या बायकांकडे ही सगळी सोय आधीपासूनच होती. सरकारने बाकडी पुरवली.)

या सोयीचा लाभ घ्यायला लल्ला तामू गेली, कारण तिच्या पाच रोट्या दुसऱ्याच्या घरी गेल्या होत्या. आमच्याकडे कणीक घरी मळतात आणि फळीवर फडकं झाकून भट्टीवाल्या मुअल्लिम अल्लालकडे भाजायला धाडतात. बेचाळीस घरांच्या फळ्या अल्लाल फडक्यांवरून ओळखतो. त्या आठवड्याच्या बाजारात तामूने आणि समोरच्या बतूलने एकाच गाडीवरून निळ्या चौकटींची फडकी घेतली. पुढचं सगळं त्या गाडीवाल्याने केलं म्हणायला हरकत नाही, पण तो सापडला नाही.

शुक्रवारी बतूलच्या मुलीला मागणी घालायला फेजहून पाहुणे आले. मुलाची आई, हाज्जा खनाता, हिने रोटीचा तुकडा मोडला, कोंबडीच्या रश्शात बुडवला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "ज्या घरची रोटी अशी, त्या घरची मुलगी डोळे मिटून करावी." लग्न तिथेच ठरलं. ती रोटी तामूची होती.

त्याच वेळी समोरच्या घरात तामूच्या पुढ्यात बतूलच्या पाच रोट्या होत्या, कडेला करपलेल्या आणि मध्ये कच्च्या. तामूचे यजमान सी माअती, टपाल खात्यातून निवृत्त, यांनी त्यातल्या तीन खाल्ल्या आणि नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत. एकतीस वर्षांच्या संसारात तामूने साधारण साडेपाच हजार वेळा कणीक मळली होती. स्तुती: निरंक. आणि पहिली आली, ती रस्ता ओलांडून दुसऱ्या दारी गेली. हे तिला लागलं. फार लागलं.

दावा कोणालाही लावता येतो, हा अडाणी लोकांचा गैरसमज आहे. न्यायालयातल्या कारकुनाने तो तासाभरात दूर केला. दावा लावणाऱ्याचं वस्तूशी नातं हवं, त्यात त्याचं हित हवं, आणि त्याला अक्कल हवी. (तिसरी गोष्ट कायदा गृहीत धरतो. नाहीतर न्यायालयं ओस पडतील.)

नात्याची चौकशी सुरू झाली. पीठ कोणी आणलं? यजमानांनी. म्हणजे पीठ यजमानांचं, आणि यजमानांची तक्रार नव्हती. खमीर? ते तामूने आदल्या दिवशी बतूलकडूनच उसनं आणलं होतं. पाणी नगरपालिकेचं. शेवटी रोटीत तामूचं मीठ आणि मनगट एवढंच उरलं, आणि तेवढ्यावर तिला वादी मानण्यात आलं. मग हिताचा प्रश्न. पाच गेल्या, पाच आल्या, नुकसान कुठे? विचाराअंती कारकुनाने लिहिलं: "गहाळ वस्तू – स्तुती, एक नग." भरपाई म्हणून तामूने नावापुरता एक दिरहम मागितला, आणि रोटी आपली होती असं चारचौघांत कोणीतरी म्हणावं, एवढंच.

प्रतिवादी निवडणं सोपं होतं. बतूलने रोटी चांगल्या मनाने वाढली होती, पाहुण्यांनी चांगल्या मनाने खाल्ली होती. अल्लालला गावात नातलग नव्हते. तो प्रतिवादी झाला.

न्याय फुकट असल्यामुळे तामूला फक्त ओळखपत्राच्या शिक्का मारलेल्या प्रती, चार वेळचं टॅक्सीभाडं, साक्षीदारांचा चहा आणि पुरावा म्हणून बतूलची उरलेली रोटी सात आठवडे बर्फात ठेवायला शेजारणीचा फ्रीज, एवढाच खर्च आला.

सुनावणीला बेचाळीसपैकी एकोणचाळीस घरं हजर होती. दाव्यात बोलायची पात्रता एकाचीही नव्हती. आपलं नाव निघणार म्हणून हाज्जा खनाताही फेजहून आली. तिला पाहून बतूलने जिन्यातच तामूचा हात धरला.

"बहिणी, वर्षभर तुझी कणीक मी मळते. पोरीचं लग्न होऊ दे, मग सांग साऱ्या गावाला."

"आणि लग्नात कोणाची रोटी वाढशील?" तामू म्हणाली आणि वर गेली.

न्यायाधीश तरुण होते. आधी समेट घडवावा असा नियम असल्याने त्यांनी अल्लालला विचारलं, दोन रोट्यांतला फरक कळत नाही का? "साहेब, बावीस वर्षं मी फडकी ओळखतो," अल्लाल म्हणाला, "रोट्या माझ्या घरी कोण करतंय?" बतूलला विचारलं. तिने हाज्जा खनाताकडे पाहिलं आणि काही आठवत नाही म्हणून सांगितलं.

तेव्हा मागच्या बाकावरून बतूलची मुलगी उठली. न्यायाधीशांनी तिला समजावलं, की ती वादी नाही, प्रतिवादी नाही, साक्षीदारही नाही, तेव्हा तिला बोलता येणार नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि बोलली. "रोटी तामू खालाची होती. पहिल्या घासालाच कळलं मला, आमच्याकडे तशी कधी झालीच नाही. तेव्हाच सांगायचं होतं, पण सगळ्या इतक्या खूश होत्या." मग ती तामूकडे वळली. "फार चांगली होती, खाला."

तामूने दिरहम तिथल्या तिथे सोडून दिला. तोंडावर ओढणी घेऊन ती बराच वेळ रडली. शेजारून सी माअती म्हणाले, "चांगलीच असते." सात आठवडे आणि साडेपाच हजार कणकी वसूल झाल्या.

खर्च हरणाऱ्याने द्यावा असा कायदा आहे. समेटात कोणी हरत नाही, म्हणून कारकुनाने खर्चाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. हाज्जा खनाता आपल्या शब्दाला पक्की बाई. रविवारी मागणीत आलेल्या साखरेच्या ढेपा, मेंदी आणि अंगठी फेजला परत गेली. न्याय झाला, यावर गल्लीचं एकमत आहे.

नोंदवहीत त्या मुलीचं नाव नाही. ज्याची पात्रता नाही त्याचं नाव लिहायचा रकानाच नसतो, तेव्हा कारकुनाला दोष देता येणार नाही. तुमचं काय? तामू, बतूल, अल्लाल, सी माअती, फेजची हाज्जा, सगळ्यांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत. तिचं नाव तुम्हीही विचारलं नाहीत.