म्हातारीची घंटी

मंडळी, शेळ्या राखायला कसली आलीय अक्कल? हे मी सासऱ्यांना इतक्यांदा ऐकवलं, की मोतीबिंदू काढायला जाताना ते म्हणाले, "जावईबापू, आजचा दिवस सांभाळून दाखवा. जमलं तर कळप तुमचा. नाही जमलं तर धाकटे जावई आहेतच."

धाकटे जावई म्हणजे माझे साडू. त्यांच्या हाताखाली राबण्यापेक्षा मी विहीर जवळ केली असती!

आमच्या कळपात घंटी एकीच्याच गळ्यात. तिला सगळे म्हातारी म्हणतात. ती टण टण करत निघाली, की बाकीच्या मान खाली घालून त्या आवाजामागे चालतात. पण म्हातारी दर चार पावलांवर थांबून खोकणार! अशानं कुरण कधी गाठायचं? मी घंटीचा पट्टा काढला आणि दांडग्या बोकडाच्या गळ्यात बांधला.

"अहो, बाबांना विचारलंत का?" बायको ओरडली.

"तू नुसती बघत राहा!"

तिनं बघितलं. अख्ख्या गल्लीनं बघितलं! बोकड उधळला तो थेट शिंप्याच्या दुकानात, आणि टणटण ऐकून सगळा कळप त्याच्यामागे आत!

"एकाचं माप घ्यायचंय की सगळ्यांचं?" शिंपी टेबलावर चढून किंचाळला. तेवढ्यात एकीनं टांगलेल्या कोटाची बाही चावायला घेतली. "अहो, उद्या लग्न आहे त्या माणसाचं!"

मेलो, मी म्हटलं, आता कळपही गेला आणि अब्रूही! कसाबसा बोकडाचा पट्टा सोडवला आणि म्हातारीपुढे धरला. पण बाई भलती मानी! पट्टा दिसला की तोंड फिरवी. हात जोडले, पाय धरले. अहो, चारही धरले! ती दारातच फतकल मारून बसली. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घंटी बांधायची माझी छाती होईना. हातात धरून वाजवली, तर एकीनंही ढुंकून पाहिलं नाही. चालत्या गळ्यातली घंटी वेगळी वाजते, हे त्यांना कळतं आणि मला नाही!

मग काय करणार? पट्टा स्वतःच्या गळ्यात बांधला आणि कमरेत वाकून निघालो. टण, टण. कळप निमूट मागे. म्हातारीसुद्धा! वाटेत मला ठसका लागला, तर सगळ्या जागच्या जागी थांबल्या.

घरी पोचतो तर सासरे रिक्षातून उतरताहेत. एका डोळ्यावर पट्टी. दुसरा दुर्दैवानं शाबूत.

"मामा, सगळ्या सुखरूप आणल्या!"

"दिसतंय," ते म्हणाले. "एक बोकड जास्त आहे."

कळप साडूंकडे गेला. मी रडलो, खरंच रडलो! पण तिथंही घोळ झाला. म्हातारीचा रुसवा जाईना आणि माझ्याशिवाय एकही शेळी गोठ्याबाहेर पाऊल टाकेना. आता रोज सकाळी मी पुढे, कळप मागे, आणि सगळ्यांच्या मागे काठी घेऊन साडू.

माणूस तसा वाईट नाही हो. काल त्यांनी स्वतःहून माझा पट्टा एक भोक सैल केला.