टेम्पररी, स्टॉपगॅप आणि मन्मथअप्पा

"बाई, तुम्ही टेम्पररी का स्टॉपगॅप?"

लातूरच्या ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी मन्मथअप्पांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, चहा घेता का नाही. मी घाबरून म्हणाले, "मी नांदेडची."

"ते झालं. पण हितं कशा आलात? तारीख ठरवून आलात, का कुणी येस्तोवर आलात?"

"कुणीतरी पक्की टायपिस्ट येईपर्यंत मला पाठवलंय."

"मग स्टॉपगॅप," अप्पा समाधानानं म्हणाले आणि माझ्या रुजू अहवालातला 'टेम्पररी' हा शब्द त्यांनी लाल पेन्सिलीनं खोडला. "टेम्पररीला शेवट ठाऊक असतो. स्टॉपगॅपला न्हाई. खरा माणूस दारात उभा ऱ्हायला की स्टॉपगॅपनं उठायचं. बसा आता."

मी बसले. ती खुर्ची शाळेतून मागून आणलेली होती आणि तिला हात नव्हते.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. जिल्हा झाला, पण ऑफिसं कुठं बसवायची ते ठरायचं होतं. आमचं ऑफिस अडत बाजारातल्या एका गोदामात होतं. भिंतीतून तुरीचा भुसा गळायचा. फायली तागाच्या पोत्यांवर रचलेल्या, कपाटं अजून यायची, माणसं पाच गावांतून उसनी आलेली. सगळंच तात्पुरतं. अप्पांसारख्या माणसाला याहून सुखाची जागा कोणती?

अप्पा उदगीरकडचे. वय पन्नाशीच्या पुढं, धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. शिक्षण निजामाच्या काळातलं, म्हणजे उर्दूतून. इंग्रजी ते स्वतःच शिकलेले, एका फाटक्या डिक्शनरीवरून. तिची पहिली काही पानं गेली होती, त्यामुळं 'ए'पासून सुरू होणाऱ्या शब्दांवर त्यांचा जरा कमी विश्वास होता. "अ‍ॅडहॉक," ते म्हणायचे, "हे मी ऐकून सांगून राहिलो. माझ्याकडं त्याला आधार न्हाई."

आस्थापना शाखेचे ते हेडक्लार्क. कारभार मराठीत आला होता, तरी बढती-बदलीचे शब्द सगळ्यांच्या तोंडात इंग्रजीच होते, आणि लोक ते कसेही फेकत. अप्पांना ते सहन व्हायचं नाही. खुर्ची दुसऱ्याची आणि काम आपलं, तो ऑफिशिएटिंग. आज खरं पण उद्या फिरवता येतं, ते प्रोव्हिजनल. एक गेलं, त्याच्या जागी दुसरं आणलं, पहिलं परत येईलच असं नाही, ते सब्स्टिट्यूट. एका कागदावर शब्द चुकला तर अप्पा तो कागद पुढं जाऊ द्यायचे नाहीत. मग बदली होऊन निघालेला माणूस सामान बांधून दोन दिवस ताटकळला तरी चालेल.

एकदा टेबलाचा पाय मोडला. आमचे शिपाई गफूरभाई, त्यांनी खाली विटा लावल्या आणि वर पाटी लिहिली, 'टेम्पररी टेबल. हात टेकू नये.' अप्पांनी ती पाटी काढायला लावली.

"गफूर, हे मेकशिफ्ट हाय. हाताला जे घावलं त्यातून उभं केलं, ते मेकशिफ्ट."

"अप्पा, विटा घावल्या म्हणून लावल्या. चंदन घावलं असतं तर चंदन लावलं असतं," गफूरभाई म्हणाले.

"तरीबी मेकशिफ्टच," अप्पा म्हणाले.

साहेब पुण्याकडचे, तरुण, घाईचे. त्यांनी एक मसुदा सांगितला, 'कर्मचाऱ्यांची मेकशिफ्ट व्यवस्था करण्यात यावी.' मी टाईप करून अप्पांकडं नेला. अप्पा तो घेऊन थेट केबिनमध्ये, म्हणजे पोत्यांच्या आडोशाला गेले.

"साहेब, हे जमणार न्हाई. वस्तू असती मेकशिफ्ट. माणूस नसतो."

"अहो अप्पा, अर्थ कळतोय ना लोकांना?"

"अर्थ कळतो साहेब, पण माणसाला वाईट वाटतं."

साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि शब्द बदलला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा नुसता शब्दांचा किडा नाही.

त्या वर्षी पाऊस धड झाला नव्हता. टँकर मागायला गावोगावचे लोक यायचे. एका सरपंचांना अप्पांनी अर्धा तास समजावलं की टेंटेटिव्ह यादी आणि टेम्पररी टँकर यांचा काही संबंध नाही. सरपंच शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "अप्पा, ह्यातल्या कुठल्या शब्दात पाणी हाय तेवढं सांगा." अप्पांनी अर्ज हातात घेतला, स्वतः साहेबांची सही आणली आणि जाताना सरपंचांना आपल्या माठातलं पाणी पाजलं.

मी एकदा त्यांना म्हणाले, "अप्पा, आपल्या मराठीत या सगळ्याला एकच शब्द पुरतो. तात्पुरतं."

"आपली भाषा इतकी गरीब हाय व्हय?" ते दुखावले. मग मीच आठवत गेले: हंगामी, कामचलाऊ, प्रभारी, बदली. अप्पांचा चेहरा उजळला. गफूरभाईंना हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला, आणि आम्ही दोघं स्टॉपगॅपला मराठी शब्द शोधत बसलो. तो काही सापडला नाही.

अप्पांच्या घरी एक मुलगी होती, गिरजा. अकरा वर्षांची, दोन वेण्या, चटपटीत. अप्पांची बायको वारलेली. ऑफिसात सगळे तिला त्यांची नात समजायचे. मीही.

जूनमध्ये तिच्या शाळेचा अर्ज अप्पांनी मला टाईप करायला दिला. नाव, गिरजा मारुती. पुढं 'अर्जदाराचे मुलीशी नाते' अशी ओळ होती. मी थांबले. "इथं काय घालू?"

"ते ऱ्हाऊ द्या."

"आजोबा घालू?"

"न्हाई हो. आजा नव्हं मी तिचा."

मग त्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात ते अहमदपूरकडं एका तलावाच्या कामावर हजेरीपटाचे कारकून होते. मारुती नावाचा एक माणूस बायकोसकट मातीकामाला होता. बायको तिथंच तापानं गेली. पोर वर्षाची. मारुतीनं तिला अप्पांच्या बायकोच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, निजामाबादेकडं काम बघून आठ दिवसांत येतो, तोवर सांभाळा. तो आलाच नाही. पोर पाच वर्षांची असताना अप्पांची बायकोही गेली.

"अप्पा, मग सरळ वडील लिहा."

"तिला बाप हाय."

"पालक लिहा."

"पालक म्हणलं की मला भाजीची जुडी दिसती."

शेवटी ती जागा मी कोरी सोडली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अप्पांनी तिथं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सध्या माझ्याकडे असते.' हेडमास्तरांनी न वाचताच सही केली असावी.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ऑफिसच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. सुकलेला, डोक्याला मळका रुमाल, हातात पिशवी. "तलावावरचे मस्टरवाले अप्पा हितं असतेत का?"

अप्पांनी मान वर केली आणि त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. दहा वर्षांनीही त्यांनी त्याला ओळखलं.

त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हीबी चला. पोरीपाशी बाईमाणूस असलेलं बरं."

गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. गिरजा सकाळची शाळा करून आली होती. अप्पा म्हणाले, "गिरजा, हे तुझे वडील. पाणी दे त्यांना." पोरीनं तांब्या आणून दिला आणि दाराला टेकून उभी राहिली.

मारुतीनं पिशवीतून एक गुलाबी झबलं काढलं. चार वर्षांच्या पोरीला होईल एवढं. त्यानं गिरजाकडं पाहिलं, झबल्याकडं पाहिलं आणि त्याची मान खाली गेली. गिरजानं ते घेतलं, अंगाला लावून बघितलं. जेमतेम छातीपर्यंत आलं. "रंग छान हाय," ती म्हणाली आणि घडी घालून फळीवर ठेवलं.

"आठ दिवस म्हनलो होतो," मारुती जमिनीकडं बघत म्हणाला. "तिकडं दुसरं लगीन झालं. तोंड दाखवायची लाज वाटायची. आता बायकोच म्हनली, पोरगी घेऊन या. न्यायला आलोय."

"तुमचीच हाय," अप्पा लगेच म्हणाले. "आधी जेवून घ्या."

ते स्वयंपाकाच्या खोलीत गेले. मीही गेले. परातीत पीठ घेऊन ते भाकरी थापायला बसले. हात इतका सराईत की भाकरी कागदासारखी पातळ फिरत होती.

"अप्पा, पोरीला विचाराल की नाही?"

"काय विचारायचं, बाई? ज्याची जागा तो आला." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. मी ताटं मांडायला घेतली.

मारुती तीन भाकऱ्या जेवला. "अप्पा, तुमच्या हाताला लई गोडी हाय," एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बापलेक निजामाबादेला गेले. अप्पांनी तिची पुस्तकंसुद्धा बांधून दिली.

सोमवारी अप्पा वेळेवर ऑफिसात आले. मी समोर ठेवलेल्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या. एकाही ठिकाणी लाल पेन्सिल नाही. मंगळवारी मी मुद्दाम प्रोव्हिजनलच्या जागी टेम्पररी घातलं. सही. बुधवारी स्टॉपगॅपचं स्पेलिंगच चुकवलं. तरीही सही. गफूरभाई माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, अप्पा बीमार हैं क्या?"

पुढच्या सोमवारी संध्याकाळी मी नांदेडच्या गाडीची चौकशी करायला स्टँडवर गेले, तर अप्पा बाकावर बसलेले. "इथं कसे?" मी विचारलं, तर म्हणे, "गाड्या टायमावर येऊन राहिल्या का, ते बघून राहिलो." पेरूवाली बाई हसून म्हणाली, "पाच दिस झाले, रोज येऊन बसतेत." मी त्यांच्या शेजारी बसले.

देगलूरकडून निजामाबादेची गाडी आली. माणसं उतरली आणि सगळ्यांत शेवटी मारुती उतरला. त्याच्या मागं पुस्तकांचं गाठोडं छातीशी धरून गिरजा. अप्पा उभे राहिले.

मारुती जवळ आला. "अप्पा, पोरगी तिकडं बोलंना, जेवंना. माझी मालकीण म्हनली, काय सलतंय विचारा. तर म्हनती…" तो थांबला. गिरजा आपल्या चपलांकडं बघत होती. "म्हनती, अप्पांना भाकरी थापता येत न्हाई. मी न्हाई तर ते उपाशी ऱ्हातेत. म्हनून आनून सोडली. मी येत जाईन अधनंमधनं."

मी मारुतीकडं पाहिलं. आठवड्यापूर्वी अप्पांच्या हातच्या तीन भाकऱ्या जेवलेला माणूस अगदी सरळ चेहऱ्यानं हे सांगत होता. मी अप्पांकडं पाहिलं. एक चुकीचा शब्द कागदावर राहू नये म्हणून साहेबांशी भांडणारे अप्पा. ते गिरजाकडं बघत होते.

"हाव," अप्पा म्हणाले. मग त्यांनी पुन्हा एकदा, स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "न्हाईच येत मला भाकरी."