सोजरकाकूंची फुलं आणि ईश्वरीचा खो

सोजरकाकू फुलाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो काढत नाहीत.

"घेऊ का गं बाई?" असं पळसाच्या फांदीला विचारायचं आणि थांबायचं. फांदी वाऱ्यानं हलली की मोबाइल खाली. "न्हाय म्हणतीय. चल फुडं." मग त्यांच्या मागं स्कूटी ढकलत मी पुढच्या झाडाकडं.

धाराशिवात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून फोटोतलं मला कळतं असा काकूंचा ठाम समज. त्यामुळं फाल्गुन लागला की माझे सगळे रविवार त्यांचे. तेरच्या रस्त्याला पळस, कुणाच्या बांधावर पांगारा, कुणाच्या रानात करडईची पिवळी फुलं. काकूंचं माहेर लोहाऱ्याकडचं, मेंढरं राखणारं. झाडाझुडपांशी बोलायची सवय तिथलीच.

माणसांना मात्र त्या विचारत नाहीत. दूधवाल्याचं पातळ दूध, नळाचं गढूळ पाणी, माझं विस्कटलेलं डोकं, सगळं मोबाइलमध्ये. "बोलून कोण ऐकतंय? सबूत पायजे!"

नात ईश्वरी नववीत आणि खो-खोत शाळेची पहिल्या नंबरची खेळाडू. रोज संध्याकाळी काकू मैदानाच्या कडेला हजर. "ईश्वरे, थांब जरा, हलतंय!" असं ती ऐन पळत असताना ओरडायच्या. मास्तरांनी एकदा हात जोडले, "आजी, ती थांबली तर बाद होईल हो." "मग एकदा मला द्या, एकदा तुमाला," काकू म्हणाल्या.

यंदा घरात एक ठिणगी पडली. काकूंचा मुलगा बालाजी कचेरीत नोकरीला. माणूस सरळ, पण हसण्यात कंजूष. त्यानं एके रात्री जेवताना सांगून टाकलं, "फुडच्या वर्षी दहावी. ही शाळांची स्पर्धा झाली की खेळ बंद." ईश्वरी ताटावरून उठली. काकूंनी बालाजीचा साधा फोटोही काढला नाही, आणि हीच धोक्याची गोष्ट होती.

अंतिम सामन्याला काकूंबरोबर मी गेले; बालाजी येणार नव्हता. मध्यंतर झालं तशी काकूंनी मैदानातूनच फोन लावला. "बालाजी, माजी कंबर धरली रं. उठताच येईना. लवकर ये."

मी बघत राहिले. बाई उभी राहून बोलत होती.

पंधरा मिनिटांत बालाजी धापा टाकत आला. हातात बामची बाटली, मागं थांबवून ठेवलेली रिक्षा. काकू तोवर सतरंजीवर आडव्या. "चल आई, दवाखान्यात."

"आता नगं हलवू. जरा बस हितंच. कळ जाऊ दे."

बालाजी नाइलाजानं बसला. समोर शेवटची पाळी चाललेली. एक गडी बाद झाला की आमच्या मुली जिंकणार, आणि समोरची पोरगी काही केल्या हाताला लागेना. अर्धं मिनिट उरलं. ईश्वरीला खो मिळाला. ती सुटली ती थेट खांबाकडं. बालाजी कधी उभा राहिला, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"खांबावर! सूर मार, सूर मार!"

ईश्वरीनं खांब धरून अंग झोकून दिलं. बोटं त्या पोरीच्या पाठीला लागली आणि शिट्टी वाजली. मैदान डोक्यावर घेतलं पोरींनी. रिक्षावालासुद्धा नाचत होता. बालाजी दोरी ओलांडून आत पळाला आणि धुळीनं माखलेल्या लेकीला त्यानं खांद्यावर घेतलं. खाली उतरवल्यावर मास्तरांना पहिला प्रश्न केला, "सर, उन्हाळ्यात सराव किती वाजता?"

काकू टणकन उठल्या आणि नाचणाऱ्या रिक्षावाल्याचा फोटो काढला.

"आई, कंबर?" बालाजीनं विचारलं.

"कसली कंबर?"

संध्याकाळी त्या ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, ईश्वरीच्या सुराचा फोटो दाखवा की."

"तो कुठं काढला?" त्यांनी मोबाइल पुढं केला. एकामागून एक सोळा फोटो, सगळे बालाजीचे. बसलेला, उठलेला, हातात बामची बाटली उंचावून आ वासून ओरडणारा.

"ह्यो कबड्डी खेळायचा," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "लई भारी. ह्याचा बाप गेला आन् म्याच म्हणलं, बास झालं आता, नोकरी बघ. एका शब्दानं उलटून बोलला न्हाय. पर तवापासनं असा वरडलेला ऐकलाच न्हवता बघ."

आतून बालाजीची हाक आली, "आई, जेवायला चल. ईश्वरी थांबलीय."

"आले रं," काकू म्हणाल्या. पण त्यांनी दोन बोटांनी त्याचा चेहरा मोठा केला आणि तशाच बसून राहिल्या.