नारानकाकांची सुरगाठ

दुसऱ्यांच्या गोठ्यात शिरून जनावरांच्या दाव्यांच्या गाठी बदलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नारायणकाका. आमच्या गास गावात सगळे त्यांना नारानकाका म्हणत. सत्तरीचे, काटकुळे, डोक्याला कायम पंचा. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघायचे आणि वाटेत ज्याचा गोठा उघडा दिसेल त्यात खुशाल शिरायचे. दाव्याला निरगाठ दिसली की ती सोडायची, तिथे सुरगाठ मारायची, जनावराला एक थाप द्यायची आणि पुढे चालायचं.

"वढली की सुटली पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

अडचण अशी, की ती शेळ्यांनाही ओढता यायची. आम्ही शेताच्या कडेला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात एका शेळीने बायकोचा मोगरा कुंडीसकट आडवा केला. शेजारच्या वसंतचं तर वालाचं अख्खं वावर त्याच्याच शेळ्यांनी फस्त केलं. वसंत भडकला.

"काका, परत माज्या गोठ्यात पाय टाकलात तर बगा!"

"वरडू नको," काका शांतपणे म्हणाले. "म्हस दचकते."

दुसऱ्या दिवशी वसंतने म्हशीला लोखंडी साखळी घातली, तिला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला अडकवली. काका त्या साखळीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. पुढे कितीतरी दिवस त्यांनी वसंतशी बोलणं टाकलं होतं.

त्या वर्षी जुलैत एके दिवशी सकाळपासून आभाळ फाटलं आणि दुपारी खाडीला भरती लागली. पाण्याला जायला वाट उरली नाही. तासाभरात रस्ता कुठला आणि शेत कुठलं, काही कळेना. वसंत आणि त्याची बायको जूचंद्रला लेकीकडे गेले होते, तिथेच अडकले. मी रजेवर होतो. गॅलरीतून पाहिलं, तर कमरेएवढ्या पाण्यात काका या गोठ्यातून त्या गोठ्यात चालले होते. ते आत शिरले की क्षणभराने शेळ्या बाहेर यायच्या. मी खाली धावलो.

"भाऊ, शेल्या शालेकडं घे! शालेचा वटा उंच हाय!"

सगळ्यात शेवटी आम्ही वसंतच्या गोठ्यात पोचलो. म्हैस गाभण होती. पाणी तिच्या गळ्याला लागलेलं आणि साखळी तिला मान वर करू देईना. काकांनी तिच्या जबड्याखाली आपला खांदा दिला आणि तसेच उभे राहिले.

"कुलूप तोडू?" मी ओरडलो.

"पान्यात कुटं कुलूप शोधतो? खुंटा हलव! जमीन मऊ झाली आसंल."

मी बुडी मारली. दोन्ही हातांनी खुंटा धरून हलवला. वर आलो, श्वास घेतला, पुन्हा खाली. खुंटा जागचा हलेना. वर काका म्हशीची समजूत घालत होते, "जरासं थांब, बाय. पोरगं नवीन हाय, पन करतंय."

मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो, आणि ऑफिसात हाताखाली बारा माणसं होती.

पाचव्या बुडीला खुंटा सुटला. म्हैस साखळी, खुंटा आणि आम्हा दोघांना ओढत बाहेर पडली.

संध्याकाळी तिसरीच्या वर्गात म्हैस, चौथीत शेळ्या आणि व्हरांड्यात कुणाचा तरी बैल, अशी शाळा भरली होती. काका पायरीवर बसून पंचा पिळत होते. गाठींचं हे वेड कुठून आलं, असं मी विचारलं.

"तरनाबांड होतो तवा. आसंच पानी आलेलं. माजी बैलजोडी हुती." थोडा वेळ ते पंचाच पिळत राहिले. "गाठ मीच मारलेली. घट्ट. सुटली नाय."

त्यानंतर त्यांनी दारात एकही जनावर बांधलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वसंत चिखल तुडवत आला. वर्गात म्हैस बघून तो मटकन खालीच बसला. काकांनी त्याला बोलूच दिलं नाही. "पयली पेंड आन. उपाशी हाय ती."

दोन महिन्यांनी म्हैस व्याली, पारडी झाली. दिवाळी सरल्यावर एका सकाळी वसंत पारडीला घेऊन काकांच्या अंगणात उभा राहिला. मीही पेपर टाकून तिकडे गेलो.

"काका, ही तुमची."

"नको." काका एकदम मागे सरले. "माजं वय बग. माज्यामागं हिला पानी कोन पाजल?"

"मी पाजीन ना. मी काय मेलोय?"

पारडी पुढे झाली, त्यांचा हात हुंगला आणि खरखरीत जिभेने चाटायला लागली. काकांनी हात तसाच धरून ठेवला. आम्ही दोघंही जागचे हललो नव्हतो. तरी काका कातावून म्हणाले,

"आरं, चाटू दे की जरा. घाई काय हाय?"