मामांनी न पाहिलेलं बहारीन

गाडी थांबली की आमचे यशवंतमामा खाली उतरायचे. बिडीसाठी नाही, चहासाठी नाही. गाव बघायला.

बेळगावहून निपाणीला येताना संकेश्वरला बस दहा मिनिटं थांबायची. तेवढ्यात मामा पेठेतून आत पार चौकापर्यंत चालत जायचे, चौकात उभे राहून चहूकडं बघायचे आणि आले तसे परत यायचे. तोवर कंडक्टर घंटी ओढून दमलेला असायचा. "ओ मास्तर, बेगा बर्री," लवकर या, म्हणून तो दारातून कानडीत ओरडायचा. मामा काही मास्तर नव्हते, पण त्यांच्या चालण्यात कुणालाही मास्तरच दिसायचा. घाई न करता ते चढायचे आणि शेजारच्या माणसाला सांगायचे, "गाव चांगलं हाय. मधी मोकळी जागा हाय." संकेश्वर त्यांनी शंभर वेळा तरी पाहिलं असेल. मोकळी जागा दर वेळी तीच असायची.

"खिडकीतनं दिसलं म्हंजे बघितलं न्हवं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "गावाच्या मधी पाय टेकला पायजे."

यामागं कारण होतं आणि ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलायचं नाही. मामांचे वडील, म्हणजे माझ्या आईचे वडील, आमचा आज्जा, वतनाच्या कामातला माणूस. सरकारी सांगावे घेऊन तो उभा जन्म गावोगाव चालला. पण गाव कुठलंही असो, वेशीजवळ थांबायचं, हाक मारायची, सांगावा द्यायचा आणि तिथूनच मागं फिरायचं. पन्नास गावांची वाट त्याला डोळे मिटून सांगता यायची. त्यातल्या एकाचाही चौक त्यानं पाहिला नव्हता. मामा शिकले, घराण्यात पहिली नोकरी त्यांनी केली, पुढं आमच्या सगळ्या घरांनी धम्म घेतला. मामांनी मात्र त्याच्या बरोबरीनं हे एक व्रतही घेतलं असावं.

नोकरी नगरपालिकेत होती, जन्म-मृत्यूच्या नोंदीची. कुणी पोराचा दाखला मागायला आलं की मामा आधी विचारणार, "तुमचा स्वतःचा जन्म कुठला?" ते गाव मामांनी पाहिलेलं असलं तर खूष व्हायचे आणि दाखला त्याच दिवशी मिळायचा. पाहिलेलं नसलं तर दाखला सोमवारी, कारण मधल्या रविवारी मामा ते गाव बघून यायचे. हिंडलग्याला गेले तेव्हा म्हणे तुरुंगाच्या दारावरच्या शिपायाला त्यांनी विचारलं, आत मधोमध काय आहे ते जरा बघता येईल का. शिपाई म्हणाला, "येईल की. पण त्याआधी बाहेर कायतरी करून यावं लागतंय."

एकदा रेल्वेनं मामीला घेऊन गोव्याकडं निघाले. खानापूरला गाडी थांबली, मामा उतरले आणि गावात गेले. गाडी सुटली. मामी, जेवणाचा डबा आणि दोघांची तिकिटं पुढं लोंढ्याला पोचली. मागच्या गाडीनं मामा आले तेव्हा मामी फलाटावरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. मामांनी विचारलं, "लोंढा बघितलास का न्हाय?" त्यानंतर मामी चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

आणि जयभीम. मामा सगळ्यांना एकाच आवाजात जयभीम घालायचे. मुख्याधिकारी असो, तंबाखूच्या वखारीचा मालक असो, नाहीतर समोरून येणारी वरात असो. लहानपणी त्यांचा हात धरून चालताना मला त्या आवाजाचा अभिमान वाटायचा. पुढं वाटेनासा झाला. तीच गोष्ट सांगायची आहे.

मी बेळगावात डिप्लोमा केला आणि कुवेतला एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. आडनाव निपाणीकर. शाळेत घालताना वडिलांनीच ते लावलं होतं, त्यावरून कुणाला काही कळायचं नाही. माझ्या टेबलाशेजारी पुण्याचे लेले बसायचे. सरळ, हसरा माणूस. आमच्या डब्यांची रोज देवाणघेवाण चालायची. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं नसतं, हे मला त्या वेळीही माहीत होतं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला मी सुटी संपवून परत निघालो होतो. मामांची मुलगी सुमन कुवेतलाच नर्स होती आणि तिला नुकताच मुलगा झाला होता. मामी असती तर तीच गेली असती. पण तिला जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून मामा निघाले. माझ्याच विमानानं, माझ्या जबाबदारीवर.

मुंबईच्या विमानतळावर मामा धोतर, काळा कोट आणि करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी वहाणा घालून उभे राहिले. हातात शेंगाच्या चटणीची पिशवी. त्याच विमानाला लेलेही होते. मी ओळख करून देतोय तोवर मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "जयभीम सायेब." आजूबाजूचे चारजण वळले. लेले हात जोडून हसले आणि "नमस्कार मामा" म्हणाले. त्या हसण्यात काही नव्हतं. पण मी पुढचे तीन तास त्यात काहीतरी शोधत बसलो.

विमान मधे बहारीनला थांबणार होतं. संध्याकाळी पाचला उतरायचं, पुढचं विमान पहाटे सहाला. ही बातमी मामांना मीच निपाणीत दिली होती आणि तेव्हापासून त्यांनी दुसरं काही डोक्यात घेतलं नव्हतं. विमानात बसल्यावर त्यांनी हवाई सुंदरीला विचारलं, "बाई, बहारीनच्या आधी कुठं थांबतंय का?" तिला मराठी येत नव्हतं. मी नाही म्हटल्यावर मामांना वाईट वाटलं. "एवढ्या लांबच्या वाटंला एकबी गाव लागंना व्हय रं?" असं म्हणून ते ढगांकडं बघत बसले.

बहारीनला उतरल्यावर आम्हाला एका मोठ्या दालनात बसवलं. मामा हातपाय धुवायला गेले. तेवढ्यात लेले आले आणि म्हणाले, "काउंटरवर पासपोर्ट ठेवला की रात्री दहापर्यंतचा पास देतायत. बाजार बघून येऊ. मामांनाही घेऊ."

मला ठरवायला फार वेळ लागला नाही, हे आज लिहितानाही अवघड जातंय. माझ्या डोळ्यांपुढं बाजार आला, त्यात करकर वाजणाऱ्या वहाणा आल्या, दुकानादुकानात जयभीम आला. आणि मग कुठंतरी बसून कॉफी पिताना मामा लेल्यांना आज्जाची गोष्ट सांगणार, वतनाची, वेशीची, सगळी. मामा ती परक्या माणसाला पाच मिनिटांत सांगत. उद्या ती गोष्ट माझ्या टेबलाशेजारी येऊन बसली असती.

"मामा फार थकलेत," मी लेल्यांना म्हणालो. "त्यांना पडू दे. मी येतो."

मामा तोंड पुसत आले. मी त्यांना म्हणालो, "मामा, बाहेर सोडत नाहीत. आपल्याकडं व्हिसा नाही."

"असं?" मामा म्हणाले. त्यांनी काचेतून पलीकडं पाहिलं. लांबवर दिवे लागत होते. "त्ये गाव का?"

"हो."

"लांब हाय का?"

"बरंच लांब आहे. मला लेल्यांबरोबर कंपनीच्या कामानं त्या बाजूच्या इमारतीत जाऊन यायचंय. वेळ लागेल. सामान बघाल ना?"

"जा की दिन्या," मामा म्हणाले. पिशवी त्यांनी पायाशी ओढून घेतली आणि ताठ बसले.

बाजार मोठा होता. सोन्याची दुकानं होती, अत्तरांची होती, वेलदोडा घातलेल्या कॉफीचा वास होता. याहून जास्त मला आठवत नाही. लेले दोनतीनदा म्हणाले, "मामा असते तर मजा आली असती." शेवटी एका गल्लीच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "तू काही बघत नाहीयेस. बरं नाही का?" मी म्हणालो, डोकं दुखतंय. त्या दिवसातलं माझं आणखी एक खोटं.

साडेनऊला परत आलो. मामा होते तसेच बसले होते. त्यांच्या शेजारी एक केरळी गृहस्थ होता. मी बॅग उचलायला वाकलो तेव्हा तो मोडक्या हिंदीत मला म्हणाला की काउंटरचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला, शहर बघायचं असेल तर पास देतो म्हणून. तो स्वतः जाऊन आला होता, मामांनाही त्यानं चला म्हटलं होतं, पण ते नको म्हणाले. भाच्यानं सामान सांभाळायला सांगितलंय म्हणाले.

हे तो मामांच्या देखत सांगत होता, आणि मामांना हिंदी चांगलं कळायचं.

मामा खाली वाकून जेवणाचं पाकीट सोडत होते. "आलास?" ते म्हणाले. "काम झालं? हितं जेवाण वाटलं. तुजं ठेवलंय. भात गार झाला आसंल, पर खा." माझ्या तोंडाकडं त्यांनी पाहिलं नाही. मी लेल्यांबरोबर खाऊन आलो होतो. तरी तो सगळा भात मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कुवेतला सुमनच्या घरी जेवताना तिनं अपेक्षेप्रमाणं विचारलंच. "आप्पा, रातभर थांबला होता की तिथं. बहारीन बघितलं का न्हाय?"

मी घास तोंडाजवळ नेला होता, तो तसाच राहिला.

"बघितलं की," मामा म्हणाले. "दिन्यानं फिरवून आणलं. लई मोठा बाजार हाय. माणसं चांगली हाईत."

"काय काय बघितलं?"

"आता समदं किती सांगू. पोराला दे हिकडं," म्हणून त्यांनी नातवाला घेतलं आणि उठून खिडकीशी गेले.

मामा दोन महिने राहिले. सुमनचा नवरा गाडीतून कुठं न्यायचा, तिथं उतरून बघायचे. निपाणीला परतल्यावर त्यांनी गावभर कुवेतची वर्णनं केली आणि त्यात बहारीनचं वर्णनही असायचं, माझ्या नावासकट. माझ्या आईनं मला पत्रात लिहिलं, "तू मामाला परदेशात हिंडवलंस, जिवाला बरं वाटलं." ते पत्र मी घडी घालून ठेवलं, पुन्हा उघडलं नाही.

पुढच्या वर्षी सुटीवर आलो. पहिल्या आठवड्यातच निपाणी गाठली. मामा ओसरीवर बसून चष्मा पुसत होते. आत त्यांची सून चहा ठेवत होती. वाक्यं मी वर्षभर पाठ केली होती, तरी बसल्या बसल्या सुरुवात भलतीकडूनच झाली.

"मामा, बहारीनला बाहेर सोडत होते."

"ठावं हाय."

"मी बाजारात गेलो होतो."

"त्येबी ठावं हाय."

"मला तुमची लाज वाटली."

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मग परत काढला. मला वाटलं, उठून आत जातील. ते उठले नाहीत.

"मी बेळगावात बोर्डिंगात हुतो," ते म्हणाले. "तुज्याहून ल्हान हुतो. आबा, तुजा आज्जा, मला भेटाया आलता. दोन दिस चालत. खांद्यावर घोंगडं, हातात भाकरीचं गाठोडं. फाटकात हुबा ऱ्हायला. आत माज्या वर्गातली चार पोरं बसलीती, येगळ्या घरची. आबा म्हणाला, खोली बघतो तुजी, कुठं निजतोस त्ये बघतो. मी म्हटलं, आबा, भायेरच्या माणसाला आत सोडत न्हाईत."

आतून कपबशीचा आवाज आला. मामांनी आवाज खाली आणला.

"जलमभर लोकांनी त्येला भायेर हुबा केला, दिन्या. पर त्या दिवशी त्येला कुणीच आडवत न्हवतं. मीच आडवला. बरं म्हणाला, गाठोडं दिलं आन् फिरला. घरी जाऊन आईला सांगितलं, पोराची खोली बघून आलो. लई उजेडाची हाय, निजायला खाट हाय. मरस्तवर समद्यास्नी सांगत हुता. मी समोर बसून ऐकत हुतो."

"तुम्ही कधी बोलला नाही त्याच्याशी?"

"न्हाय. तू वर्साच्या आत आलास. मला जमलं न्हाय."

सुनेनं चहा आणून ठेवला आणि ती गेली. आम्ही दोघांनीही कप उचलला नाही. काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी म्हणालो, "आज्जाला कळलंच असेल, मामा. तुम्ही का अडवलंत ते."

"कळलं हुतं," मामा म्हणाले. "त्येच तर."